स्थळ काढण्याचं कारण

मंडळी, हे आमच्या शहरातल्या नल्लकुंटा भागातल्या एका काकांना विचारूनच लिहितेय. नाव गाळलंय.

आमच्या मराठी वधूवर ग्रुपवरचे जुने बायोडाटा काढायचं काम माझ्याकडे आलंय. लोकांचे नंबर, पगार, पत्रिका न विचारता वर्षानुवर्षं फिरवणं आता कायद्यात बसत नाही. शोभत तर आधीही नव्हतं! म्हणून आज सकाळपासून एकेकाला फोन करून विचारत होते.

बहुतेकांनी झापलं. "पोरीला दोन लेकरं झाली, अजून स्थळं येतात!" बरोबरच आहे त्यांचं.

मग या काकांना विचारलं, "मुलाचा बायोडाटा ठेवू की काढू?"

"तो गेला, बेटा. मागच्या उन्हाळ्यात."

काकाच पुढे म्हणाले, "मीच सांगायला पायजे होतं. पण मुलीवाले फोन करून विचारायचे, मुलगा कसा आहे. घरात आता कुणी त्याचं नाव काढत नाही. मग मी त्यांनाच त्याच्याबद्दल सांगत बसायचो. लोकांना उगा परेशान केलं. काढून टाका."

"हो काका."

"एक करता का? स्थळ काढलं की तुम्ही ग्रुपवर कारण टाकता. 'लग्न ठरलं' टाका. सगळे अभिनंदन लिहितात ना, एकदा वाचून घेतो."

बायोडाटा काढलाय. पण लोकांची माहिती खरीच असावी, हाही नियम मीच ग्रुपला शिकवलाय. कारण अजून टाकलेलं नाही.

तुम्ही काय टाकलं असतं?