रुखसाना मॅडमनी मोजलेली बोटं

सन २०२३. माझं वय अडुसष्ट. शाळा चौथीपर्यंत, पण भोसरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं लोखंड कातायची लेथ चालवली. कुणी मला शिकवावं हेच मला मानवत नसे. निगडीच्या वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. शेजारी म्हणाला, "राव, तुम्हाला नाही जमायचं." झालं! पहिल्या बाकावर मीच.

शिकवायला रुखसाना मॅडम. वय तिशीच्या आत, वडिलांचं गॅरेज. शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. तुमच्या माउसला त्या हात लावायच्या नाहीत. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "दुसऱ्यानं चालवून आपल्याला स्कूटर येते का, काका?" पण चौकस किती! चहाच्या वेळी मला गाठून विचारायच्या, "हत्यार बोथट झालं हे कानाला कसं कळतं?" असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. पुढं मी चहाला थांबायलाच लागलो.

एकदा त्यांनी काम दिलं. ठोकळे, गोळे, नळकांडी जोडून पडद्यावर स्वतःचं बाहुलं करायचं. "चेहरा नको. तुम्ही कोण, ते दिसू दे." एका बाईंनी डोक्याच्या जागी कुकर ठेवला, शिट्टीसकट. माझ्या गड्याचं डोकं म्हणजे लेथचा चक, लोखंड पकडून फिरवणारा जबडा. तीन दिवस खपलो. मापात सूतभर फरक नाही.

मॅडम वाकून बघत राहिल्या. "काका, ह्याच्या उजव्या हाताला पाच बोटं. तुमच्या चार."

"जोडीदारानं मधेच मशीन चालू केलं," मी म्हणालो. वीस वर्षं हेच सांगत आलो होतो.

"मी बोटाचं विचारलं. जोडीदाराचं नाही."

मी तापलो. "मग ह्यालाही थोटा करू?"

"बाहुलं तुमचं. तुम्ही ठरवा." हात पाठीमागेच.

रागानंच मी ते बोट पुसलं. आणि काय सांगू, गडी एकदम माझ्यासारखा दिसायला लागला. मग तोंडून निघालंच. थंडीत लोखंड चावतं म्हणून मी हातमोजा घालून फिरत्या जॉबला, म्हणजे मशीनवरच्या लोखंडाला, पॉलिश पेपर लावला होता. फिरत्या मशीनवर मोजा चालत नाही, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक. मोजा गुंडाळला गेला, बोट घेऊन गेला. माझं नाव जाऊ नये म्हणून माझ्या जोडीदारानं, तुकारामानं, तो मोजा लपवला. आणि मी फोरमनला तुकारामाचंच नाव सांगितलं. त्याची नोकरी गेली, पोरांनाही बापच हलगर्जी वाटला. तरी त्यानं मोज्याचं कुणाला सांगितलं नाही.

मॅडमनी विचारलं, "ते आहेत अजून?"

"आहे. तळेगावात."

"मग मला काय सांगताय, काका?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं तळेगावला उतरलो. तुकाराम दारात दात घासत होता. बसायच्या आधीच म्हटलं, "तुक्या, तुझ्या पोरांना बाहेर बोलाव. मोजा मी घातला होता, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकू दे."