कायम आणि बदली

“ह्यो माझो घोव न्हंय!”

बाई अशी ओरडली, की शवागारातली बाकीची प्रेतं उठून साक्षीला बसतील असं वाटलं. पोलिसाच्या नोकरीत किंकाळ्या हजारो ऐकल्या. ही एकटी अजून कानातून जात नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचे दिवस. परळला दगडफेकीत एक माणूस पडला, ओळख पटेना. खबर घेऊन खुद्द गिरणीचा जॉबर आला. जॉबर म्हणजे खात्यात माणसं लावणारा. ऐट अशी, की आमचे कमिशनर त्याच्यापुढे शिपाई वाटावेत. “साहेब, माझ्याच साचेखात्यातला विणकर. बायकोला आणा आणि मयत लिहून टाका.”

बायको आणली. तिचं एकच, नवरा मुलखाला, कोकणात गावी गेलाय. पण बोलता बोलता तिचा हात प्रेताकडे गेला आणि कानामागे चिकटलेला कापूस तिने अलगद काढला. रोज पाळी सुटल्यावर दारात काढत असेल, तसा.

माझ्यासमोर दगडसुद्धा जबानी देत. इथे विचारायला काही उरलंच नव्हतं. तरी सगळ्यांना बाहेर काढून विचारलं, “बाई, का?”

“दीर तेंच्या साच्यावर बदलीत उभो आसा, सायेब. कायम माणूस गैरहजर, म्हणान बदली. कायम मेलो तर जागा खाली. जॉबर आपलो माणूस बसवतलो. मग पोरांनी काय खावचा?”

गिरणगावात ‘बदली’चा अर्थ एवढाच: कायम माणूस परत येणार आहे, तोवर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला दुसरा. जॉबरला मयत कशाला हवी होती, तेही कळलं.

मी पंचनाम्यात ‘बेवारस’ लिहिलं. जॉबर पिसाळला. प्रेत म्युनिसिपालटीच्या गाडीतून गेलं, आणि बाई फाटकाशी परक्यासारखी उभी राहिली. माणूस गेला तरी तो गेला असं म्हणणं काही घरांना परवडत नाही, हे मी तिथे शिकलो. ते शिक्षण माझ्या कधीच कामी आलं नाही.

राज्य मिळालं. लालबागला एवढा गुलाल, की कावळेही तांबडे झाले होते. त्या गर्दीत ती दिसली. कपाळावर ठसठशीत कुंकू.

“दीर साच्यावर आहे ना?”

“नाय. कायम परत इलो नाय म्हणान नाव काढल्यानी. थंय आता जॉबराचो भाचो.”

“मग आता कशाला लपवता? निदान त्यांचे दिवस तरी करा.”

“कोणाचे? ते मुलखाक गेलेत.”