शशिकलावहिनींच्या सोळा भाज्या

अशी कल्पना करा की सकाळी उठून तुम्ही परसात गेला आहात. काल संध्याकाळी पाणी घातलेला पडवळाचा वेल मान टाकून पडला आहे. पाने हिरवी आहेत, कुठे कीड दिसत नाही. तुम्ही वेल हलकेच उचलता आणि तो तसाच हातात येतो, कारण त्याला मूळच उरलेले नाही. खाली मनगट जाईल एवढे बीळ, शेजारी उकरलेल्या काळ्या मातीचा ढीग. आता हे बीळ बुजवायचे आहे आणि उद्या पुन्हा बुजवायची तयारी ठेवायची आहे.

शशिकलावहिनी हरकरे हे काम दोन पावसाळे करत होत्या.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा त्यांचे यजमान नीळकंठराव नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागून कचेरीची कपाटे गेली आणि कपाटांमागून नीळकंठराव गेले. टी. टी. नगरात त्यांना नवे कोरे क्वार्टर मिळाले. भिंतींचा ओलावा अजून गेला नव्हता, पण मागे मोकळी जमीन होती. नागपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत वहिनींना तुळशीपुरतीच माती मिळाली होती. इथली माती पाहून त्यांनी आधी तिला नमस्कार केला आणि मग कुदळ मागून आणली.

मी तिथल्या विजेच्या यंत्रांच्या नव्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून भोपाळला आलो तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. नीळकंठराव माझ्या वडिलांच्या ओळखीचे. दर रविवारी मी कारखान्याच्या वसाहतीतून, पिपलानीहून, बसने त्यांच्याकडे जेवायला जाई. परक्या गावात ज्याला आठवड्यातून एकदा वरणभात वाढणारे कोणी असते, त्यालाच त्या वरणभाताची किंमत कळते. बदल्यात वहिनी मला बागेत राबवून घेत, आणि त्याचेही मला सुखच वाटे.

या बागेवर बरेच काही अवलंबून होते. हरकऱ्यांकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, आणि नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. सासूबाई, म्हणजे सुमित्राबाई, नागपूरला धाकट्या मुलाकडे राहत. पण मान थोरल्या सुनेचा, म्हणून पहिल्या वर्षी त्या मुखवट्यांची पेटी घेऊन भोपाळला आल्या. बाजारात पडवळ मिळाले नाही, अंबाडी मिळाली नाही, आणि परसातले जे होते ते घुशींनी खाल्ले होते. ताटात सोळा भाज्या भरल्या नाहीत. सासूबाई रागावल्या नाहीत, पण पेटी परत घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू, नाहीच जमले तर देवी धाकटीकडे बसतील. वहिनींना ते फार लागले.

नीळकंठरावांनी विषाची पुडी आणली. वहिनींनी ती हातात घेतली नाही.

"गणपती आत्ता कुठे गेलेत, आणि त्यांच्याच उंदरांना विष घालू?"

"मग गणपतीकडे अर्ज करा," नीळकंठराव म्हणाले. "योग्य मार्गाने. घुशींची दुसरीकडे बदली व्हावी म्हणून."

त्यांनी थट्टा केली, वहिनींनी मनावर घेतले. रोज पूजेत कुंकू लावलेल्या मूठभर अक्षता गणपतीला वाहायच्या आणि बाग राहू दे म्हणायचे, असा त्यांनी नेम धरला. नेम वर्षभर चालला.

मी माझ्या परीने रेती चाळायची लोखंडी जाळी आणून वाफ्यांभोवती हातभर खोल पुरली. घुशी तिच्याखालून आल्या. ज्येष्ठात लावलेली अंबाडी एका आठवड्यात अर्धी झाली. वहिनी जेवण वाढतानाही परसाकडेच बघत असत. अशा वेळी दुसरी पोळी मागायचा धीर होत नसे.

आषाढातल्या एका रविवारी मी ठरवले की बीळ बुजवायचे नाही, शेवटपर्यंत खणायचे. वहिनी घमेले घेऊन शेजारी बसल्या. बीळ वेलाच्या मुळाशी वळले, पुढे गेले आणि एका पोकळीत उघडले. ते घुशींचे कोठार होते. त्यात थोडी टरफले होती, आणि बाकी सगळे तांदूळ. लाल तांदूळ.

वहिनींनी चार दाणे तळहातावर घेतले. बोटाने चोळून पाहिले.

"भाऊजी, ह्या माझ्या अक्षता आहेत."

मग उलगडा झाला. निर्माल्य कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून नागपूरला त्या ते तलावात सोडत. इथे त्या ते वेलांच्या मुळाशी पुरत, अक्षतांसकट. नेम जितका निष्ठेने चालला, तितक्या घुशी निष्ठेने येत राहिल्या.

नीळकंठराव दारातून म्हणाले, "अर्ज पोचला म्हणायचा. पोचही मिळाली."

वहिनी आधी रडवेल्या झाल्या आणि मग इतक्या हसल्या की घमेले कलंडले. नेम त्यांनी मोडला नाही. अक्षता निवडून तारेला टांगलेल्या एका ताटलीत ठेवू लागल्या, चिमण्यांसाठी. मी जाळी उकरून काढली आणि पुन्हा पुरली, पण या वेळी तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला वितभर आडवा वाकवून. अंबाडी पुन्हा पेरली. नवी बिळे दिसली, पण सगळी जाळीच्या बाहेर.

भाद्रपदात सुमित्राबाई आल्या. हातपाय धुण्याआधी परसात गेल्या. पडवळ लोंबत होते, अंबाडी गुडघ्याला लागत होती. जेवणाच्या दिवशी ताटातल्या भाज्या त्यांनी बोटाने मोजल्या, आणि देवी उठल्यावर मला हाक मारली.

"पेटी इथेच माळ्यावर चढव रे. माझ्यानं आता ने-आण होत नाही."

वहिनींनी वाकून नमस्कार केला. मग परसात जाऊन मातीलाही केला. मला मात्र त्यांनी त्या दिवशी चार पुरणपोळ्या खायला लावल्या.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला जाळीपाशी नेले. घूस जाळीला अगदी चिकटून उकरते, वाकवलेल्या भागावर आपटते आणि तिथेच थांबते. वितभर मागे सरकून खणले तर सरळ आत येईल. एवढे कोठार बांधणारा प्राणी, त्याला हे का सुचत नाही? मी पुस्तके चाळली, कारखान्यात विचारले. पुढच्या रविवारी रिकाम्या हातानेच त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"तुम्ही शिकलेले आहात ना, भाऊजी," त्या म्हणाल्या, "मग सांगा, ती मागे का सरत नाही?"