सर्दीची सुई

इजिप्तमधल्या दमनहूरच्या बाजारात नवऱ्यासोबत, मितवल्लीसोबत, गाद्या शिवणारी वगीदा इतकी शिडशिडीत, की तो गिऱ्हाइकांसमोरही तिला 'सुई' म्हणे. शुक्रीचं, त्यांच्या मुलाचं, यकृत निकामी झालं. आपल्या यकृताचा तुकडा द्यायला मितवल्ली पुढे झाला, पण रक्तगट जुळेना. वगीदाचा जुळला. आता कसलीच काळजी उरली नाही, असं सगळ्यांना वाटलं.

"तुमच्या यकृतात चरबी साठलीय," डॉक्टर इस्मत म्हणाल्या. "असं यकृत नाही घेता येत."

वगीदा हसलीच. "बाई, कागदांची अदलाबदल झाली असेल. चरबी ही इथं आहे." तिने मितवल्लीच्या पोटाकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला. पिंजलेल्या कापसासारखं पांढुरकं काहीतरी. जन्मभर कापूस हाताळलेल्या वगीदाला त्याच्याकडे बघवेना.

"मी तुपाला शिवतसुद्धा नाही!"

"औषधं काय घेता?"

"काही नाही. सर्दीची सुई तेवढी."

"कधी?"

"शिंक आली की," मितवल्ली म्हणाला. "औषधवाला अब्दुह दोन-तीन बाटल्या एकत्र करून टोचतो. मला साखरपुड्यालाही ही टोचून घेऊनच भेटली होती."

डॉक्टर हसल्या नाहीत; तिला 'उम्म शुक्री', शुक्रीची आई, म्हणून समजावू लागल्या. "त्यात अँटिबायोटिक असतं, स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने यकृतात चरबी धरते. आणि आतड्यात जिवाणूंची वस्ती असते, उम्म शुक्री. चरबी किती शोषायची, कुठे साठवायची, यात त्यांचाही हात असतो. ती वस्ती तुम्ही पुन्हापुन्हा उठवलीत. हेच एकमेव कारण असं नाही म्हणणार मी, पण—"

"जंतू? माझ्या पोटात?" वगीदाचा आवाज चिरकला. "मी पुदिनासुद्धा व्हिनेगरात धुते!"

"ते असायलाच हवेत. सुया बंद. उसळी, भाज्या, दही खा, रोज चाला. तीन महिन्यांनी परत बघू."

"शुक्री थांबेल तोवर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "थांबायला हवा."

पुढच्या आठवड्यात शुक्रीच्या गोळ्या घ्यायला ती अब्दुहकडे गेली. दारातच शिंक आली. आतून सिरिंजचं पाकीट फाडल्याचा ओळखीचा आवाज. "आलोच, उम्म शुक्री."

वगीदा भानावर आली तेव्हा ती दुकानाच्या कोपऱ्यात, सुई टोचायच्या पडद्याआड उभी होती. इथवर कधी आलो, तिला आठवेना. आपलेच पाय, आणि आपल्याला न विचारता आलेले.

ती पडदा ढकलून बाहेर आली. "शुक्रीच्या गोळ्या दे. फक्त."

"अहो, ताप भरेल!"

"भरू दे," नाक ओढत ती म्हणाली आणि घरी चालतच निघाली.