वेलपत्तीच्या बाहेर

महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात गाणं उदंड होतं, म्हणून मी गाण्याचं मासिक काढलं. मला स्वतःला गाता येत नव्हतं. पण पान कसं मांडावं याबद्दल माझी मतं पक्की होती. गायकाचा परिचय उजव्या पानावरच सुरू व्हायचा. वर त्याच्या पदव्या, खाली लंबगोलात छायाचित्र, भोवती वेलपत्ती, मग गुरूचं नाव ठळक टाइपात आणि त्यानंतर चरित्र. लेखाच्या अगदी शेवटी, सर्वांत बारीक टाइपात, साथीदारांची नावं. जागा कमी पडली तर आधी तीच जायची. छापखान्यात अक्षरं जुळवणारे जुळारी याला ‘मास्तरांचं सोवळं’ म्हणत आणि मी ते कौतुक समजत असे.

गावात एक म्हातारे सारंगिये होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. इथल्या एका नामांकित गवयाला त्यांनी तीस वर्षं साथ केली होती. आता बोटं आखडू लागली, म्हणून वाजवणं सोडून ते कुरुंदवाडला लेकीकडे राहायला निघाले होते. जाण्याआधी ते छापखान्यात आले.

“मास्तर, एकडाव माझं चित्तर छापा की,” ते म्हणाले. “नातवंडांनी मला वाजवताना बघितलं न्हाय. आता हात बी चालंना. दावायला कायतरी पायजे.”

आजवर माझ्या मासिकात साथीदाराचं चित्र आलं नव्हतं. मी दोन दिवस विचार केला, जणू दरबारचा हुकूमच बदलायचा होता. मग ठरवलं, की या खेपेला गवई आणि चाचा दोघांचं एकत्र चित्र, सबंध पानभर, चौकोनी. गवयाला विचारलं, तर तो म्हणाला, “बसू दे की. न्हायतर काय, आजवर मी एकटा गायलोय व्हय?”

फोटो निघाला. चाचांनी कोटाची सगळी बटणं लावली होती. गवयाच्या मागे, जरा डावीकडे, ते सारंगी धरून बसले आणि फोटोवाल्यानं सांगेपर्यंत श्वास सोडेनात.

चित्र छापायचा धातूचा ठसा मुंबईहून करून यायचा. मी फोटो धाडला, सोबत चिठ्ठी लिहिली आणि शेवटी हातासरशी लिहून गेलो, ‘आकार नेहमीप्रमाणे.’ जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर लिहितानाही माझ्या लक्षात आली नाही.

ठसा आला तो लंबगोल. मधोमध गवई, पागोट्यापासून मांडीपर्यंत अख्खा. डाव्या कडेला सारंगीची मान आणि तिच्यावर चार बोटं. पुढे वेलपत्ती. नवा ठसा मागवता आला असता, पण अंक महिनाभर लांबला असता. माझा अंक कधी लांबत नसे. तो याही वेळी वेळेवर निघाला, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

चाचा अंक न्यायला आले. मी माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती, पण आधी ते पान उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ पाहिलं. मग आपला डावा हात चित्राशेजारी ठेवला.

“बोटं माझीच हायत,” ते म्हणाले. “नखापाशी घट्टं दिसत्यात बघा.” हात तसाच ठेवून म्हणाले, “पर पोरांना तोंड दावायचं हुतं, मास्तर.”

त्यांनी वेलपत्तीच्या बाहेर, कोऱ्या समासात, बोट टेकलं.

“हितं बसलोतो मी. तेवढं लिवा.”

मी दौत उघडली आणि त्यांच्या बोटाच्या जागी, गवयाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत, त्यांचं नाव लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत राहिले.

बाकीच्या प्रती आदल्याच दिवशी टपालानं गेल्या होत्या. त्यांत ती जागा कोरीच राहिली.