काळवीट पाहायला आलेले पाहुणे

शेलूबाजारच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं, म्हणून आम्हा ड्रायव्हरांकडं किस्से फार. त्यात काळविटं पाहायला पुण्याकडचे पाहुणे येऊ लागले, तेव्हापासून तर एक सांगून होत नाही तोवर दुसरा तयार असतो.

माझा दोस्त देविदास शेतीही करतो, जीपही चालवतो. पहिल्यांदाच पाहुणे घेऊन निघाला, तर रस्त्याकडेच्या तुरीत काळविटांचा कळप. तूर त्याचीच. पाहुण्यांनी कॅमेरे काढले, तोवर हा गाडी थांबवून उतरला आणि टाळ्या वाजवत अख्खा कळप पळवून लावला.

"काका, हे काय केलंत? आम्ही त्यांनाच बघायला आलोय."

"अन् ते माही तूर खाऊन राह्यले ना, भाऊ."

स्टँडवर आल्यावर मला म्हणाला, "हाकलाचे का दाखवाचे? मले त समजूनच नाई राह्यलं."

*

पाहुण्यांचं जेवण देविदासच्याच घरी होतं. वत्सलावहिनींनी मंगरूळपीरहून मुद्दाम पनीर आणवलं. पाहुण्यांना हवी होती झुणका-भाकर. वहिनी रडकुंडीला आल्या.

"पाहुण्याले झुणका वाढला त लोक काय म्हणतीन?"

शेवटी दोन्ही वाढलं. झुणका पाहुण्यांनी संपवला, पनीर आम्ही.

जाताना एक बाई म्हणाल्या, "वहिनी, हे मातीचं घर अस्संच ठेवा हं." वहिनी हो म्हणाल्या. पाहुण्यांच्या कमाईतूनच त्यांना स्लॅब टाकायचा होता. अजून टाकलेला नाही.

*

जीप बुक झाली की रोजचे पॅसेंजर मागं राहतात. धनजच्या शाळेवरचे एक सर असेच कितीदा राहिले. एक दिवस टोपी, गॉगल आणि गळ्यात दुर्बीण घालून सरळ पाहुण्यांत येऊन बसले.

मी म्हटलं, "सर, तुमी?"

"गप चाल. मी काळवीट पाहाले आलो."

शाळेसमोर उतरले. पाहुण्यांनी तिथंही फोटो काढले.

*

परवा पाहुण्यांना बंजाऱ्यांचा तांडा पाहायचा होता, म्हणून मानोऱ्याकडं नेलं. बहुतेक घरांना कुलपं. एका दाराशी झमकीबाई नावाची म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती. पुण्याची एक ताई तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, किती शांत आहे हो तुमचं गाव. आम्हाला फार आवडलं."

झमकीबाईनं सूप खाली ठेवलं.

"गाव त तुमच्याकडं गेलं, बाई. ऊस तोडाले. तिकडं भेटलं नाई का तुमाले?"