कैद्याचा सदरा

नसरुद्दीन मास्तर कुठलाही कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्याच्या शिवणी दोन्ही हातांनी ताणून दाखवत आणि मग म्हणत, "आता तुम्ही ओढा." कतारमधल्या अल वक्राला त्यांचं एका मशीनचं शिवणकामाचं दुकान होतं. मी शिकवत होते त्या शाळेतली निम्मी मुलं त्यांनी शिवलेल्या गणवेशात वाढली. भिडस्त पालक नुसतं हसून पिशवी उचलायला जात, पण मास्तर पिशवी सोडत नसत. ओढल्याशिवाय कपडा न्यायचा नाही, हा त्यांच्या दुकानाचा कायदा होता.

हे दुकान त्यांना उशिरा मिळालं. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून ते सत्तरच्या सुमारास कतारला आले आणि बरीच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करत बसले. स्वतःचं दुकान झाल्यावरही गावी त्यांचा मेहुणा रहमान चारचौघांत हसून विचारी, "आमचे भावोजी अजून बटणंच लावतात ना?" आणि त्यांची बायको साजिदा ते ऐकून घेई. तिनंही नवऱ्याचं काम कधी पाहिलेलं नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात साजिदाभाभी पहिल्यांदाच महिनाभरासाठी यायच्या होत्या. मास्तरांना एकच घोर लागला होता, तिला दाखवायचं काय? दुकान म्हणजे एक मशीन आणि एक कपाट. शिवलेला कपडा तर तिथे थांबतच नाही, गिऱ्हाइकाच्या अंगावर निघून जातो.

त्याच सुमारास दोह्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये युरोपातलं फिरतं संग्रहालय आलं. मध्ययुगात तिकडे कैद्यांचा छळ कसा करत, त्याची हत्यारं आणि मेणाचे पुतळे. बोटीतून येताना पुतळ्यांच्या कपड्यांची पेटी खाऱ्या पाण्यानं कुजली होती. हॉटेलचा ड्रायव्हर जालिंदर आमच्या साताऱ्याकडचा. त्यानं मास्तरांचं नाव सुचवलं. मास्तरांनी मेणाच्या माणसांची मापं जिवंत माणसांसारखीच घेतली. न्यायाधीशाला तर त्यांनी "हात जरा वर" असंही म्हटलं, असं जालिंदर शपथेवर सांगतो.

कपडे पोचवायच्या दिवशी अडचण आली. कैद्याचा सदरा फाटका हवा, असं मुदीरनं, म्हणजे तिथल्या इजिप्शियन व्यवस्थापकानं, बजावून ठेवलं होतं. मास्तरांनी नेला तो मांजरपाटाचा अखंड सदरा, दुहेरी शिवणीचा, इस्त्री केलेला. मुदीर वैतागला. मास्तर शांतपणे म्हणाले, "शिवलेलं मी फाडत नाही. तुम्ही ओढा. शिवण उसवली, तर हव्या तेवढ्या चिंध्या करून देतो. नाही उसवली, तर सदरा असाच राहू द्या."

मुदीर रागीट होता, पण गमत्याही होता. त्यानं स्वतः ओढून पाहिलं. मग दोन हमाल दोन बाह्यांना लावले. शेवटी थट्टेत त्यानं बाह्या तिथल्याच माणसं ताणायच्या लाकडी चौकटीच्या रुळांना बांधायला लावल्या आणि दांडा फिरवायला सांगितलं. मांजरपाट पाटीसारखं ताठ झालं, आणि दांडा हमालाच्या हातात आला.

जालिंदर म्हणतो, सदऱ्यानं दांडा मोडला. मास्तर म्हणत, दांडा मुळातच सैल होता. शिवण मात्र उसवली नाही, यावर दोघांचं एकमत आहे. मुदीर पोट धरून हसला, "खलास" म्हणाला, आणि सदरा कैद्याच्या अंगावर गेला.

पुढच्याच शुक्रवारी मास्तर नुकत्याच आलेल्या भाभींना आपलं काम दाखवायला घेऊन गेले. सोबत मीही होते. लोखंडी मुखवटे, अंगठे चिरडायचे स्क्रू, खिळ्यांची खुर्ची. भाभी पदर तोंडाशी धरून भराभर पुढे सरकत होत्या. मास्तर त्यांच्या मागोमाग चालत होते. साखळदंडातल्या कैद्यापाशी आल्यावर फक्त थांबले.

भाभींनी कैद्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "या बापड्याला साखळीनं बांधलंय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याला इस्त्री करून दिली?"

"बांधणाऱ्यानं त्याचं काम केलं," मास्तर म्हणाले. "मी माझं."

 भाभींनी पुतळ्यापुढच्या दोरीच्या आत हात घातला, बाही मुंढ्यापाशी, खांद्याच्या जोडावर, दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावून ओढली. पहारेकरी धावला, तेव्हा मुदीरनंच त्याला हातानं थांबवलं. भाभींनी पुन्हा एकदा ओढली. मग उलटून आतली शिवण बोटानं चाचपली.

"बाई, तुमच्याकडे कॅमेरा आहे ना?" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "एक फोटो काढा. रहमानला पाठवायचाय."

मी मास्तरांना कैद्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायला सांगितलं. ते आले नाहीत. माझ्या मागे येऊन, फोटोत बाही पूर्ण येते की नाही, एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.